आजींच्या गाठी

भिवंडीच्या न्यायालयात वकिली करू लागल्याला मला आता बरीच वर्षे झाली. वसई-दिवा मार्गावरच्या गाडीने भिवंडी रोड स्थानकावर उतरायचे, रिक्षाने शहरात शिरायचे आणि यंत्रमागांचा खटखटाट कानी पडू लागला की कामाचा दिवस सुरू झाला असे समजायचे, हा माझा नित्यक्रम. या शहराने मला पोटापाण्याला दिले, आणि पुष्कळ शिकवलेही. त्यातील एक धडा मला एका निरक्षर वृद्धेने दिला. तो येथे नोंदवून ठेवावासा वाटतो.

आजी तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबातील. पती मागावर राबता राबता निवर्तलेले. राहती खोली भाड्याची. भाडे थकविल्याचा आरोप ठेवून मालकाने ती खाली करून मागितली होती. भाडेकरू भाडे देत असेल, किंवा देण्यास तयार व राजी असेल, तर केवळ भाड्याच्या कारणाने त्याला बाहेर काढता येत नाही, असे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम सांगतो. ‘तयार व राजी’ हे दोन शब्द उच्चारायला सोपे. सिद्ध करायचे तर कागद हवेत.

आजींनी कागद आणले ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. भाडेपावत्या, वीजबिले, मालकाने नाकारल्यामुळे परत आलेल्या मनिऑर्डरी. त्यांच्या लहान लहान जुड्या करून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेल्या. मी त्या चिंध्या भराभर सोडल्या, टेबलावर ढीग केला आणि माझ्या कारकुनाकडे स्कॅन करायला दिला.

हे २०२३ सालचे. न्यायालये कागदाकडून संगणकाकडे निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सप्टेंबर २०२२ मध्येच कागदाविना सुनावणी घेण्याचे ठरविले होते. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. आपणही मागे राहू नये या हौसेने मी २८६ पानांचा एकच संच तयार केला. कागदयादी झाली, अनुक्रमणिका झाली. मी स्वतःवर खूष होते.

सुनावणीच्या दिवशी मी मोठ्या ऐटीत म्हणाले, ‘‘पृष्ठ १४३ पाहावे.’’ न्यायाधीशांनी संगणकावर १४३ हा आकडा टाकला. पडद्यावर आले वीजबिल, तेही आडवे. अनुक्रमणिकेची सहा पाने मी मागाहून पुढे जोडली होती, त्यामुळे कागदावरचा क्रमांक आणि संगणकाचा क्रमांक यांची फारकत झाली होती. मी चाचपडत राहिले. तीन मनिऑर्डरी तीन ठिकाणी विखुरल्या होत्या. त्यांपैकी एक सापडली, दोन सापडेनात. न्यायाधीशांनी शांतपणे पुढची तारीख दिली. आजींचा मुलगा त्या दिवसाची मजुरी बुडवून आला होता.

बाहेर आल्यावर आजी रागावल्या नाहीत. तोडक्यामोडक्या मराठीत एवढेच म्हणाल्या, ‘‘वकीलबाई, गाठी का सोडल्या?’’

मग त्यांनी सांगितले. एका वर्षाची एक जुडी. मालकाने भाडे घेतले असेल तर एक गाठ; पैसे परत आले असतील तर दोन. त्यांना अक्षर वाचता येत नव्हते, पण कोणत्या वर्षी काय घडले ते त्या अंधारातही बोटांनी सांगू शकत होत्या. गरिबाला हजार वेळा सांगावे लागते, म्हणून तो आपले सांगणे नीट लावून ठेवतो. मी त्यांचे नुसते कागद विस्कटले नव्हते. त्यांची साक्षच विस्कटली होती.

त्या रात्री मला माझ्या लहानपणीच्या धर्मग्रामातील स्नानसंस्काराची नोंदवही आठवली. मुख्य रकान्यांत मूल, आईवडील, धर्ममातापिता; आणि समासात पुढे कधीतरी लिहिलेली दृढीकरणाची व विवाहाची नोंद. ख्रिस्तसभेच्या कायद्याचाच तो दंडक आहे. एका नोंदीवर बोट ठेवले की माणसाचे पुढचे आयुष्य सापडते. आज संगणकात ज्याला आपण बुकमार्क म्हणतो, ते काम त्या समासाने केव्हाच केले आहे. आजींची दुसरी गाठ याहून वेगळी कुठे होती?

मी संच नव्याने बांधला. अनुक्रमणिकेसह पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सलग पृष्ठांकन केले, म्हणजे कागदावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा एकच राहील. इंग्लंडमधील न्यायालयांच्या २०२१ च्या सूचनाही हेच सांगतात. प्रत्येक वर्षाला बुकमार्क दिला. आडवी पाने सरळ केली, दुबार प्रती काढून टाकल्या, छापील मजकूर शब्द टाकून शोधता येईल असा केला. नाकारलेल्या मनिऑर्डरींचा तारखेप्रमाणे एक स्वतंत्र छोटा संच केला. तो अवघा अकरा पानांचा भरला. खरा वाद तेवढ्याच पानांत होता. आणि मूळ कागद डब्यात जसेच्या तसे, गाठी मारून, सोबत नेले. कारण चित्र म्हणजे मूळ नव्हे, न्यायालय मूळ केव्हाही मागू शकते. गाठी मारायला आजी स्वतः माझ्या कचेरीत येऊन बसल्या होत्या.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी आकडा टाकला आणि मनिऑर्डर समोर आली. त्यांनी मूळ मागितले. आजींनी डबा उघडला आणि न पाहता, बोटांनी चाचपून, दोन गाठींची जुडी पुढे केली. दावा फेटाळला गेला. मालकाने अपील केले, आणि ते चालू असतानाच आजी देवाघरी गेल्या.

संत इव्हो हा आम्हा वकिलांचा आश्रयदाता संत. तो गरिबांचा कैवारी म्हणून ओळखला जातो. त्याच्याकडे मी पूर्वी वाक्चातुर्य मागत असे. आता मागते ती एवढीच दक्षता, की दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेले माझ्या घाईने विस्कटू नये.

अलीकडे आजींचा मुलगा अपिलाच्या कामासाठी तोच डबा घेऊन आला. आजींच्या पश्चातल्या पावत्या सुनेने चिंधीने बांधल्या होत्या. एक गाठ होती. मी आधी वहीत क्रम उतरवून घेतला, गाठीची नोंद केली. मगच चिंधी सोडली.