दहा-पंधराचा कांदा

लेकीकडे टेक्ससमधल्या प्लेनोला गेलो होतो. तिच्या स्वयंपाकघरात कांदा चिरायला घेतला, तर डोळ्यांत पाणीच येईना. पंजात न मावणारा, पिवळ्या सालीचा, गोडसर कांदा. नाव काय, तर 1015. टेक्सस ए अँड एम विद्यापीठात लिओनार्ड पाइक यांनी हा वाण काढला आणि 1983 मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. पेरणीची तारीख 15 ऑक्टोबर, अमेरिकी पद्धतीनं 10/15, म्हणून हे नाव. आमच्या निफाड तालुक्यात उन्हाळ कांद्याचं रोप टाकायला सुरुवात होते, ती याच दिवसांत.

वाणात आम्हीही मागे नाही. खरिपाला एन-53, पिंपळगाव बसवंतच्या नावाचा बसवंत 780, उन्हाळ्याला एन-2-4-1. लाल कांदा काढला की लवकर विकावाच लागतो, उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. दोन एकरवाल्याला टिकाऊ वाण म्हणजे "आज देत नाही" म्हणण्याची ताकद. 1015 गोड आहे, पण तो इतका टिकत नाही.

पण नुसत्या चांगल्या वाणानं भागत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं आणि 8 डिसेंबरला थेट बंदी आली. माझा लाल कांदा नेमका तेव्हाच निघत होता. बी चांगलं, उतारा चांगला, रंग तर बघत राहावा असा. काही दिवसांत लिलावात भाव निम्म्यावर आला. भरलेला ट्रॅक्टर परत नेऊन ठेवणार कुठे? दिला सगळा.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी लेकीनं फार्मर्सव्हिलला नेलं. प्लेनोहून पाऊण तासावर. वाटेत काळी, भेगाळणारी जमीन. आपलीच वाटावी अशी. हे गाव एके काळी उत्तर टेक्ससची कांद्याची राजधानी म्हणवलं जाई. कांद्याची जुनी शेड अजून उभी आहे. तिच्या खांबाला हात लावून उभा होतो, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बंदी उठली!"

तारीख होती 4 मे 2024. पुढची अट त्यानं मग वाचून दाखवली: टनाला किमान 550 डॉलर भाव, वर 40 टक्के शुल्क. तिथंच हिशेब केला. किलोला 46 रुपये, शुल्क धरून 64. त्या भावानं दुबईचा व्यापारी आमचा कांदा का घेईल? शुल्क सप्टेंबरात 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला पूर्ण गेलं. माझा लाल कांदा तर कधीच मातीमोल गेला होता.

नवे वाण काढणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण धोरण ठरवणाऱ्यांना एवढंच मागणं आहे: निर्यात खुली राहणार की बंद, हे आम्ही रोप टाकण्याआधी सांगा. आणि सांगितलं की पीक विकून होईपर्यंत ते बदलू नका.