काळा ठिपका

जी अंगठी जुनी म्हणून मोडीत काढण्यात आली, तिच्याच शेजारी ठेवलेल्या दुसरीची घडणावळ ती जुनी दिसते एवढ्याच सबबीवर दीडपट सांगण्यात आली, आणि ती मी निमूटपणे मोजली, हे अद्यापि माझ्या मनाला सलते.

चिरंजिवांचा साखरपुडा ठरला आणि होणाऱ्या सूनबाईंनी ‘विंटेज’ धाटणीची हिऱ्याची अंगठी मागितली. एवढी हकीकत पुरे. मला तर हर्षच झाला, कारण माझ्या आजीची अंगठी पितळी डबीत वर्षानुवर्षे पडून होती. पूर्वी कोंदण सैल झाले तेव्हा सराफाने खडा उतरवून तोलला, तो 63 सेंट, म्हणजे जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम भरला. तो गोवळकोंड्याचा, अशी घराण्याची श्रद्धा. परंतु 1867 साली दक्षिण आफ्रिकेत हिरा सापडला व पुढे तिकडच्या खाणींनी जगाचा बाजार भरून टाकला, तेव्हा 1920च्या सुमारास आजीच्या बोटात आलेला खडा आफ्रिकेचाच असावा, हे माझे मत मी घरात कधी उच्चारले नाही.

लक्ष्मी रस्त्यावरील एका पेढीत विक्रेत्या तरुणाने डोळ्याला भिंग लावले, खडा दोनदा फिरवला आणि अत्यंत अदबीने निवाडा दिला, “काका, मधोमध काळा ठिपका आहे. डॅमेज पीस. आम्ही फक्त सोन्याचे धरू.”

ठिपका होता, हे खरे. पण तो दोष नव्हे! हिऱ्याचे खालचे टोक टवकू नये म्हणून जुने कारागीर ते जाणूनबुजून सपाट करीत व तेथे एक चिमुकला पैलू ठेवीत. वरून पाहता त्या पैलूतून उजेड खाली निसटतो आणि खड्याच्या तळाशी भोक पडल्याचा भास होतो. 1919 साली मार्सेल टॉल्कोवस्की याने पैलूंचे कोन गणिताने बसवून दाखविले व पुढे टोकदार, लखलखीत हिरा हाच प्रमाण ठरला. त्यापूर्वीचे हिरे उंच माथ्याचे, मोठ्या पैलूंचे, दिव्याच्या मंद उजेडात खुलणारे. हे सारे मी त्या तरुणास पाऊण तास समजावून दिले. त्याने मान डोलावली आणि कॅलक्युलेटरवरचा तोच आकडा पुन्हा माझ्यापुढे सरकवला, आता त्यातून घटही वजा केलेली.

याहून मोठा अनर्थ घरातूनच झाला. ‘काळा ठिपका’ हे शब्द आमच्या सौभाग्यवतींच्या कानी पडले मात्र, रत्नशास्त्रातील काकपद, बिंदू इत्यादी दोष (ते त्यांना कोणी शिकविले, देव जाणे) त्यांना एकाएकी आठवले, आणि “मधे काळं असलेला हिरा पोरीच्या बोटात नको” असे फर्मान सुटले. त्या दरबाराच्या वर अपील नसते.

मग त्या नव्या ‘जुन्या’ अंगठ्या पुढे आल्या. 18 कॅरट, 750चा छाप, संगणकावर रेखाटून मेणाच्या साच्यावरून ओतलेल्या. कडेला खसखशीसारख्या दाण्यांची रांग, आणि नक्षीच्या खाचांत मुद्दाम भरलेला काळपटपणा. आमच्या हिऱ्यातला काळेपणा वैगुण्य, आणि यांचा विकतचा काळेपणा सौंदर्य! जुना खडा ज्याच्या घरी असेल त्याने तो आधी प्रयोगशाळेत तपासून कागद हाती घ्यावा व मगच पेढीची पायरी चढावी. तेथे युक्तिवादास किंमत नाही, कागदास आहे.

साखरपुड्याच्या दिवशी ती अंगठी सूनबाईंच्या बोटात मोठी सुरेख दिसली. आजीचीही इतकी शोभली नसती, हे कबूल केले पाहिजे. व्याह्यांनी लेकीचा हात हाती घेऊन कौतुकाने विचारले, “ही तर घराण्यातली दिसते. आपल्या मातोश्रींची का?”

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले.

“आजीची,” मी म्हणालो.