शर्यत जुनी, पण कोणासाठी?

२०१३ साली डेव्हिड सोरेन यांचा 'टर्बो' हा कार्टूनपट आला. त्यात एक गोगलगाय इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीत उतरते. समीक्षकांनी चित्रे वाखाणली. गोष्ट मात्र ठरावीक म्हणून अनेकांनी नाक मुरडले.

डहाणू-तलासरीकडच्या अभ्यासवर्गात आम्ही तो मुलांना दाखवला. यातल्या काहींना शाळेत 'गोगलगाय' म्हणूनच चिडवतात. आम्हाला प्रश्न पडला: तिला वेग मिळतो तो मोटारीच्या इंजिनात सापडून, अपघाताने. मग कष्टाचे काय? पण शेवटी शंखाला तडा जातो, तो वेगही जातो आणि ती स्वतःच्या बळावर गडगडत रेषा ओलांडते. मुलांच्या टाळ्या पडल्या त्या तिथेच!

अशी शर्यत बारामतीच्या लता करे प्रत्यक्ष धावल्या. साठी ओलांडलेली ही मजूर बाई पतीच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांच्यावरील मराठी चित्रपटात त्यांनीच काम केले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ज्याला धावायलाच पहिल्यांदा मिळते, त्याला शर्यत जुनी कशी वाटेल? पालकहो, असे चित्रपट मुलांबरोबर बसून पाहा आणि विचारा: जिंकली ती कशाच्या बळावर?