कोठाराची परीक्षा

आमच्या पाथरी तालुक्यांत मृगाच्या पहिल्या सरी पडल्या म्हणजे घरोघर एकच खल चालतो: पेरावें कीं थांबावें? पुढें पावसानें ओढ दिली तर दुबार पेरणी कपाळीं येते. बियाणें गेलें, खत गेलें, उसनवारी तेवढी उरली. पूर्वीं पंचांगांत नक्षत्राचें वाहन पाहत. हल्लीं पुण्याकडचा अंदाज पाहतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील ‘अर्क’ हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्यें राष्ट्रास अर्पण झाला. मे २०२५ मध्यें अंदाजाची चौकट बारा किलोमीटरांवरून सहावर आली. चौकटीची बाजू निम्मी झाली कीं चौकटी चौपट होतात, आणि लिहून ठेवावयाचा मजकूरही त्याच मानानें फुगतो. ‘अर्का’चा गणिताचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स हें लोकांच्या तोंडीं असतें. त्याच्या ३३ पेटाबाइटांच्या कोठाराकडे लक्ष सहसा जात नाहीं. वास्तविक गणित झालें तरी उत्तर लिहून होईपर्यंत यंत्रांस पुष्कळदां तिष्ठत बसावें लागतें.

असलें कोठार कसास लावावें कसें? आमचा पुतण्या पुण्यांतील एका संगणनकेंद्रांत हेंच काम करतो. दिवाळींत तो घरीं आला असतां ओसरीवर बसून त्यानें तें सर्वांस समजावून दिलें. महासंगणक म्हणजे एक अजस्र यंत्र नव्हे. तें अनेक यंत्रांचें एकत्र कुटुंब. प्रत्येक यंत्रास ‘नोड’ म्हणतात. कोठार मात्र सामाइक. ‘लस्टर’ नांवाच्या प्रचलित पद्धतींत फायलींचीं नांवें व ठिकाणें सांभाळणारा कारभारी वेगळा आणि माल ठेवावयाच्या कणग्या वेगळ्या. मोठ्या फायलीचे तुकडे करून ते अनेक कणग्यांत वांटतां येतात. एकट्या नोडनें लिहिलें तर काम झपाट्यानें होतें, पण त्यावरून कोठाराची योग्यता कळत नाहीं. घरांत चार माणसें असतां कोठीघर प्रशस्तच भासतें. त्याची परीक्षा होते ती लग्नकार्यांत. म्हणून एक नोड, मग दोन, चार, आठ, सोळा असे वाढवीत जातात. आरंभीं वेग जवळजवळ दुपटीनें वाढतो, मग रेंगाळतो, आणि एका जागीं पोंचल्यावर पुढें सरकेनासा होतो. ती जागा शोधणें हें पुतण्याचें खरें काम.

यासाठीं ‘आयओआर’ व ‘एमडीटेस्ट’ हीं साधनें वापरतात. पहिलें मालाच्या ने-आणीचा वेग मोजतें. दुसरें कारभाऱ्याची चपळाई, म्हणजे क्षणांत किती फायली तो नोंदतो, शोधतो नि काढून टाकतो. २०१७ पासून निघणाऱ्या ‘आयओ५००’ या जागतिक यादींत दोहोंची सोपी व अवघड अशी दुहेरी परीक्षा असते. अवघड परीक्षेंत सर्व नोड एकाच फायलींत ४७,००८ बाइटांचे आडमाप तुकडे लिहितात. आमच्या मतें हाच आंकडा विश्वासाचा. सोपा आंकडा म्हणजे दारावरचें तोरण.

यांतील एक खोंच आम्हांस फार आवडली. नोडनें नुकतेंच लिहिलेलें त्याच्याच स्मरणांत राहूं शकतें. तेंच त्यास वाचावयास सांगितलें तर तो कोठाराकडे न जातां स्मरणांतून म्हणून दाखवितो, आणि आंकडा भलताच गोंडस येतो. म्हणून एकानें लिहिलेलें दुसऱ्यास वाचावयास लावतात.

हें ऐकून आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, “सरासरी काय करायची, बाळ? शेवटच्या पंगतीला पान किती वाजतां मिळालें, तें सांग.”

“तसेंच मोजतात, काकू. पहिल्यानें हात घातल्यापासून शेवटचा उठेपर्यंतचा काळ धरायचा. एक रेंगाळला तरी बाकीचे खोळंबतातच.”

त्यानें आणलेल्या तक्त्यांत प्रत्येक मोजणीचे दोन आंकडे होते: एक कोठार निवांत असतांनाचा, दुसरा भर कामाच्या दिवशीं, इतरांचीं कामें चालू असतांनाचा. दुसरा अर्थातच बराच कमी. वरिष्ठांस पहिलाच अहवालांत घालावासा वाटत होता. पण अंदाजासारखें काम रोज, ठरल्या वेळेस, गर्दींतच उरकावें लागतें. पुतण्यानें दोन्हीं आंकडे एकाच ओळींत, सारख्याच अक्षरांत लिहून पाठविले.