शिडी कधी घसरते?

पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवताना मी अनेक वर्षं एकच चूक केली. फळा भरायचा, मागे वळून विचारायचं, "समजलं का?" सगळे म्हणायचे, "हो सर." चाचणीत मात्र निम्मा वर्ग फ्री बॉडी डायग्रामलाच अडकायचा. मग स्टाफरूममध्ये चहा पीत आम्ही ठरवून टाकायचो, की हल्लीच्या पोरांना शिकायचंच नाही.

मी स्वतः उर्दू शाळेतून आलेलो. इंग्रजी वर्गात हात वर करताना पोटात काय गोळा येतो, ते मला ठाऊक होतं. शिक्षक झाल्यावर तेच विसरलो, याची शरम वाटते.

हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांनाही हुशार मुलांनी असाच दणका दिला होता. मोठी गणितं सोडवणारी मुलं न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नांत चुकत होती. 1991 पासून त्यांनी पद्धत बदलली: प्रश्न टाका, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. मी त्यात एवढीच भर घातली, की पटवताना भाषा कोणतीही चालेल.

प्रश्न होता: गुळगुळीत भिंतीला टेकलेल्या शिडीवर माणूस वर चढत गेला, तर घसरण्याचा धोका वाढतो का? बहुतेकांनी 'फरक नाही' असं कार्ड दाखवलं. वजन तेवढंच ना!

शेवटच्या बाकावरचा, वर्षभर गप्प बसलेला एक मुलगा शेजाऱ्याला हिंदीत समजावू लागला. त्याचे अब्बा रंगकाम करतात. ते वर चढले, की हा खालच्या पायरीवर उभा राहतो. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. 'मोमेंट' हा शब्द त्याला आठवला नाही, पण बाण बरोबर काढले. वर चढलं, की भिंतीचा रेटा वाढतो, तेवढंच घर्षण जमिनीकडून जास्त लागतं. खाली उभ्या माणसाचं वजन ते घर्षण पुरवायला मदत करतं.

2014 साली 225 अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानांत सुमारे 34 टक्के मुलं नापास होत, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 22. माझा मात्र त्या सत्रात एक भाग शिकवायचा राहिला, त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

तास संपल्यावर तो मुलगा थांबला. "सर, हमारे यहाँ की दीवार तो खुरदरी होती है. फिर?"

समीकरणं तीन, अज्ञात चार. मी पुन्हा खडू उचलला.