बेगमी

युद्धनौका प्रथम पाण्यात उतरते त्या दिवशी माझगाव गोदीत नारळ फुटतो, बँड वाजतो, आणि ज्यांनी पोलाद जोडले त्यांचे डोळे भरून येतात. परंतु त्या नौकेच्या विसाव्या वर्षी कोणता पंप थकेल आणि त्याचे कोणते कडे तेव्हा कोठारात असावे लागेल, याचा निवाडा नारळ फुटण्याच्या कितीतरी आधी आम्हां बेगमीच्या लोकांना दप्तरात बसून करावा लागतो.

यंत्राबरोबर कारखानदार सुट्या भागांची फेरिस्त देतो खरी, पण तिला आपला समुद्र ठाऊक नसतो. यंत्र वर्षाकाठी किती तास चालेल, अरबी समुद्राच्या उष्ण, खाऱ्या हवेत कोणता भाग आधी झिजेल, मागणी नोंदविल्यापासून तो हाती येण्यास किती महिने जातील, भर समुद्रात खलाशी स्वतः काय बदलू शकेल, हे एकेका जिनसेविषयी विचारून मगच नौकेवर काय ठेवावे व तळावर काय, हे ठरते. माझ्या नोकरीची उत्तम वर्षे या प्रश्नांत गेली, आणि त्यांचा मला कधी कंटाळा आला नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावण्याची मनाई आहे, कारण ती झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत. गलबताच्या हिशेबात काळाचाही हिशेब धरावा, ही दृष्टी मला तेथे भेटली.

मात्र किमतीची वाटाघाट सुरू झाली की पहिली कात्री सुट्या भागांवरच चालते. तोफ सर्वांना दिसते, रबराचे कडे कोणालाच दिसत नाही. करारनाम्याची रक्कम उतरावी म्हणून यादीतून खोडलेल्या, तळहातावर मावेल अशा एका कड्यापायी उत्तम नौका धक्क्याला कित्येक आठवडे खिळलेली मी पाहिली आहे, आणि ते दुःख अद्याप गेलेले नाही.

कधी तर भाग पुरविणाराच नाहीसा होतो. माझगावचीच ‘गोदावरी’ 1983 साली नौदलात दाखल झाली, तेव्हा सोव्हिएत क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य सामग्री आणि स्वदेशी यंत्रे एकाच सांगाड्यात नांदत होती. नौका अवघी आठ वर्षांची असताना, 1991 च्या डिसेंबरात, सोव्हिएत संघराज्यच विसर्जित झाले. सुट्या भागांचे कारखाने निरनिराळ्या देशांत विखुरले, आणि जुन्या पत्त्यांवर दरखास्ती पाठविण्यात अर्थ उरला नाही. ‘गोदावरी’ निवृत्त झाली ती 2015 च्या डिसेंबरात, त्या विसर्जनानंतर चोवीस वर्षांनी.