पोंगोकचे पाणी

रमजान ईदला माझे दीर पुण्याहून घरी आले तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये एक चकचकीत माहितीपत्रक होते. इंडोनेशियात, जावा बेटावर, झऱ्याकाठी प्लॉट. महिन्याला ठरलेला नफा. वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के हलाल'. खाली निळ्याशार पाण्यात मासे आणि त्या पाण्याच्या तळाशी मोटरसायकलवर बसलेली एक मुलगी, असा फोटो.

"भाभी, मे महिन्यात तुम्ही तिकडे जाताच आहात, तर जरा बघून या," ते म्हणाले.

आमच्या घरात 'हलाल नफा' हे शब्द ऐकले की सासूबाई उठून आत जातात. काही वर्षांपूर्वी अशाच गोड शब्दांत एका कंपनीने आमच्या मोहल्ल्यातून पैसे गोळा केले होते. त्यात सासूबाईंच्या दोन बांगड्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. त्यामुळे मी माहितीपत्रक माझ्या मोबाइलवर घेतले ते थोडे धास्तावूनच.

माझा भाचा इंडोनेशिया सरकारच्या 'दर्मासिस्वा' शिष्यवृत्तीवर जोग्जा, म्हणजे योग्याकार्ता शहरात वर्षभर तिथली भाषा शिकत होता. त्याला भेटायला आम्ही दोघे नवराबायको शाळेच्या सुट्टीत गेलो. दस्तरखानावर बसल्या बसल्या त्याला तो फोटो दाखवला. तो हसायलाच लागला. "खाला, हा तर उंबुल पोंगोक! तिथली जागा कोण विकणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

पोंगोक हे मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यातले, पोलानहार्जो भागातले गाव. साधारण दोन हजार वस्ती. एका बाजूला जोग्जा, दुसऱ्या बाजूला सोलो, आणि पाठीशी मेरापी हा जागता ज्वालामुखी. जोग्जा ते सोलो अशी लोकल गाडी धावते. तिचे तिकीट आठ हजार रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, आपले ते चाळीस-पंचेचाळीस रुपये झाले. क्लातेनला उतरून पुढे मोबाइलवरून बोलावलेली गाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे, आणि खाचरांच्या कडेने वाहते पाणी. इतके स्वच्छ पाणी मी पाटात कधी पाहिले नव्हते. मेरापीच्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि पायथ्याशी झरे होऊन वर येतो. झऱ्याला जावानीज भाषेत 'उंबुल' म्हणतात. या भागात असे कितीतरी उंबुल आहेत. जवळच्या चोक्रो तुलुंग झऱ्याचे पाणी तर 1929 पासून नळाने सोलो शहराला जाते. सोलोचे राजे पाकुबुवोनो दहावे यांच्या काळातले ते काम.

उंबुल पोंगोक म्हणजे एक मोठा हौद समजा. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद. खोली कुठे दीड मीटर, कुठे अडीच. पण तळाला फरशी नाही. वाळू आणि गोटे, त्यातून सतत पाणी वर येते आणि एका बाजूने वाहून जाते. माशांची झुंडच्या झुंड माणसांमधून फिरते. आणि हो, पाण्याखाली खरोखरच मोटरसायकल ठेवलेली आहे! तंबू आहे, खुर्च्या आहेत. लोक श्वास रोखून खाली जातात, बसतात, फोटो काढून घेतात. फोटोचे आणि डोळ्यांवरच्या काचेचे पैसे वेगळे. आत जायचे तिकीट मात्र आपल्या शंभरेक रुपयांचे.

आमच्या वाचक भगिनींना पहिला प्रश्न पडेल तो पोशाखाचा. मलाही पडला होता. तिथे बहुतेक बायका-मुली हिजाबसकट, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत पाण्यात उतरतात आणि कुणी वळूनही पाहत नाही. कपडे बदलायला खोल्या आहेत, नमाजासाठी छोटी जागा आहे, तिला 'मुशोला' म्हणतात. बायकांसाठी तिथे 'मुकेना' ठेवलेले असतात. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पांढरा सैल पोशाख. ओल्या केसांनी आलेली बाई तो अंगात घालते, जोहर पढते, घडी घालून परत ठेवते. किब्ला तिथूनही पश्चिमेलाच, फक्त जरा जास्त उत्तरेकडे कललेला.

मी पाण्यात उतरले का? उतरले. पाणी भलतेच गार होते. मोटरसायकलपर्यंत मात्र माझी मजल गेली नाही. आमचे हे गेले, दुसऱ्या खेपेला.

काठावर टपऱ्यांची रांग आहे. तिथे तळलेला 'निला' मासा, भात, कच्च्या भाज्या आणि तिखटजाळ सांबाल मिळते. ताटात मासा आला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. ही तर आपल्या उजनीची चिलापी! आमच्या इंदापूरच्या बाजाराची ओळख तीच. पोंगोकमध्ये या माशांची शेतीच आहे. झऱ्यांचे वाहते पाणी हौदांतून फिरवतात आणि त्यात मासे वाढवतात.

टपरीवरच्या बाईंना भाच्याने सांगितले की या भारतातल्या शिक्षिका आहेत. त्या लगेच मला 'बु गुरु' म्हणू लागल्या. आपल्याकडे मुले 'बाई' म्हणतात ना, तसे. उर्दू आणि मराठी शिकवणारीला या देशात एक वेगळीच मौज वाटते. 'काबार' म्हणजे खबर, 'वाक्तु' म्हणजे वक्त, 'कुर्सी' म्हणजे खुर्ची. गावाला म्हणतात 'देसा', आपला देश. आणि गावसभेला 'मुश्यावाराह देसा', मशवरा आणि देश एकाच नावात! गावाच्या कंपनीचे नाव 'तिर्ता मंदिरी'. मी म्हटले, मंदिर कुठे आहे? भाच्याने सांगितले, 'तिर्ता' म्हणजे तीर्थ, पाणी. 'मंदिरी' म्हणजे स्वतःच्या पायावर उभे.

आता या कंपनीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण दिरांच्या माहितीपत्रकाचे उत्तर तिच्यातच आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी पोंगोक क्लातेनमधल्या मागासलेल्या गावांत मोडत होते. पाणी तेव्हाही इतकेच होते. लोक त्यात अंघोळ करत, कपडे धूत. शेती होती, पण हातात पैसा नव्हता. तिथल्या विद्यापीठांत एक पद्धत आहे. विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात राहून काम करावे लागते. आपल्या एनएसएस शिबिरासारखेच, पण मुक्काम लांबलचक. जोग्जाच्या गाजामादा विद्यापीठाचे विद्यार्थी पोंगोकला आले, तेव्हा गावप्रमुख जुनाएधी मुल्योनो यांनी त्यांच्या मदतीने गावाची पाहणी करून घेतली. आपल्याकडे काय आहे, काय नाही, अडचणी कोणत्या. वर्गात आपण मुलांना स्थळभेटीचा अहवाल लिहायला लावतो, तसाच तो प्रकार; फक्त हा अहवाल फाइलीत पडून राहिला नाही. 2009 मध्ये गावाने स्वतःच्या मालकीचा उद्योग काढला, तीच 'तिर्ता मंदिरी'. झरा पर्यटकांसाठी खुला केला. पाण्याखालच्या फोटोंची टूम आली आणि काही वर्षांतच उलाढाल दहा अब्ज रुपियांच्या पुढे गेली. म्हणजे आपले पाचेक कोटी रुपये.

खरी गोष्ट पुढेच आहे. वाढीसाठी भांडवल हवे होते. गावाने बाहेरचा पैसेवाला शोधला नाही. गावातल्या कुटुंबांनाच भाग दिले, आणि एका कुटुंबाला साधारण 50 लाख रुपिया अशी मर्यादा घातली. आपल्या हिशेबाने पंचवीस-तीस हजार रुपये. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त भाग घेऊन बसावे, असे चालले नाही. मोठा हिस्सा गावाचा. या उद्योगातून गावाच्या तिजोरीत जे येते, त्यातून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना मदत मिळते. घोषणाच आहे, एका घरात एक पदवीधर. इंडोनेशियात 2014 साली खेड्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि गावाच्या अशा उद्योगांना, 'बुमदेस'ना, बळ मिळाले. पोंगोकने त्याआधी पाच वर्षे सुरुवात केली होती. आता देशभरच्या गावांचे लोक ते बघायला येतात.

टपरीवरच्या बाईंच्या घराचाही भाग आहे. मी विचारले, तेव्हा लगेच पैसे दिले होते का?

"कुठले! सुरुवातीला सगळे म्हणत होते, पैसे बुडणार. आमच्या घरात तर भांडण झाले."

"आणि आता दर महिन्याला ठरलेले मिळतात?"

त्या हसल्या. "ठरलेले कसे असेल, बु गुरु? लोक आले तर मिळतात. कोरोनात तलाव बंद होता, तेव्हा काय मिळणार?"

एवढे साधे वाक्य. भाच्याने भाषांतर केले आणि मी दिरांचे माहितीपत्रक पुन्हा उघडून पाहिले. 'महिन्याला ठरलेला नफा, शंभर टक्के हलाल.' आपल्या फिकहमध्ये भागीदारी म्हणजे नफ्यात वाटा तसा तोट्यातही वाटा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. व्यवहारात मात्र ठरलेल्या आकड्यालाच भुलतो. सासूबाईंना कंपनीच्या माणसाने कागदावर आकडा लिहून दिला होता.

जमिनीचा कायदाही भाच्याने त्याच्या शिक्षकांकडून नीट समजून घेतला होता. तो इथे मुद्दाम लिहिते, कारण अशी माहितीपत्रके अनेक घरांत पोचत असणार. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाने स्थानिकाच्या नावावर जमीन घेतली आणि 'नाव त्याचे, मालक मी' असा कागद केला, तर तो व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. बालीमध्ये असे कागद सर्रास होतात म्हणे. सर्रास होतात म्हणून ते टिकतात असे नाही. रीतसर धंदा करायचा तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढावी लागते. तिच्यासाठी गुंतवणुकीचा आकडा 10 अब्ज रुपियांच्या वर, आणि त्यात जमीन-इमारतीची किंमत धरत नाहीत. आपल्यासारख्या पगारदारांचा तो रस्ता नव्हे.

मग पोंगोकमध्ये बाहेरच्याने पैसा लावूच नये का? लावावा की! गावातल्या घरी मुक्काम करावा, गावच्या टपरीवर जेवावे, तिकीट काढावे. तिथल्या लोकांना एवढीच गुंतवणूक पुरते, असे मला तरी दिसले. इथले पैसेवाले येऊन झऱ्याकाठी बंगले बांधू लागले, तर टपरीवरच्या बाई उद्या त्याच पाण्याकाठी भांडी घासताना दिसतील. आपल्या कोकणात समुद्राकाठच्या जमिनी कशा गेल्या ते आपण पाहतोच आहोत.

सगळे गोडगोड आहे असे समजू नका. याच भागात बाटलीबंद पाण्याचा मोठा कारखाना आहे. झऱ्यांचे पाणी कमी होते अशी खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे आणि त्यावरून आंदोलनेही झाली आहेत. शिवाय एका गावाचे चालले की आजूबाजूची गावेही आपापल्या उंबुलात खुर्च्या-मोटरसायकली टाकतात. गिऱ्हाईक वाटले जाते. आणि डोक्यावर मेरापी आहेच. 2010 च्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसे गेली. पोंगोक पायथ्याशी, बरेच दूर आहे, तरी निघण्यापूर्वी मेरापीची बातमी बघून निघावे.

जायचे असेल तर मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ चांगला. रविवार टाळा, माणसांच्या गर्दीत मासे दिसत नाहीत. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया लागतात. गावात रोख पैसे जवळ ठेवा. जेवणाची चिंता गावात नाही, मोठ्या शहरांत मात्र विचारून खावे. रमजानच्या आदल्या दिवशी 'पादुसान' असतो. महिना सुरू होण्याआधी लोक झऱ्यांवर अंघोळीला लोटतात. भाचा म्हणाला, इथले उलेमा सांगतात की हा रिवाज आहे, इबादत नव्हे. तरी त्या दिवशी क्लातेनच्या प्रत्येक उंबुलात पाय ठेवायला जागा नसते. ते पाहायचे तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या. जवळच्या जातिनोम गावी सफर महिन्यात शुक्रवारी 'आपेम' नावाच्या तांदळाच्या पोळ्या गर्दीवर उधळतात, त्या सोहळ्याला 'या कवियु' म्हणतात. 'या कवी' या दुआवरून ते नाव पडले. तो योग आमच्या सुट्टीत नव्हता.

असरच्या सुमाराला आम्ही निघालो. मशिदीतून आधी नगाऱ्याचा आवाज आला, मग अजान. टपरीवरच्या बाईंनी केळीच्या पानात बांधून गोड भात दिला, पैसे घेतले नाहीत. गाडीत बसल्यावर मी दिरांना जमिनीच्या कायद्याविषयी एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली यांचा पाण्याखालचा फोटो जोडला. गाल फुगलेले, डोळे घट्ट मिटलेले, हात हँडलवर.

रात्री उत्तर आले. प्लॉटचे नावच नव्हते. "भाभी, गाडी कोणत्या कंपनीची आहे?" एवढेच विचारले होते.